मुक्कामी गाडीचं गाव

आमच्या आण्णांनी पाटगावात सातशेच्या आसपास रात्री काढल्यात, आणि पाटगाव त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं.

हे कळलं ते जेवताना. पेपरात 'मधाचं गाव' म्हणून पाटगावचा फोटो आला होता. मी म्हटलं, "आण्णा, हे बघा तुमचं पाटगाव." त्यांनी चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला. "हे व्हय? डोंगर एवढा जवळ हाय तिथं?"

मला वाटलं, विसरले असतील. वय शहात्तर. पण विसरले नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या एसटी आगारात ते अकरा वर्षं कंडक्टर होते आणि महिन्यातनं पाच-सहा वेळा त्यांना मुक्कामी गाडीची ड्यूटी लागायची. गारगोटीतून रात्री आठला सुटायचं, वळणं घेत साडेनऊ-पावणेदहाला पाटगावात पोचायचं, डबा खायचा, गाडीतल्याच बाकड्यावर घोंगडं टाकून आडवं व्हायचं. पहाटे पाचला दुधाच्या किटल्या आणि बाजारकरी भरून परत. जायचे अंधारात, यायचे अंधारात. सुट्टीच्या दिवशी तिकडं मुद्दाम कोण जातंय? मग निवृत्ती, मग गुडघे, मग आईचं आजारपण. अठरा वर्षं अशीच गेली.

डिसेंबरात पोराला नाताळची सुट्टी लागली तेव्हा मी पिशव्या भरल्या.

पहिला दिवस

मी गाडी ठरवणार होते. आण्णा म्हणाले, "येष्टीनं जायाचं आसलं तर येतो." विषय संपला.

पंच्याहत्तर ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट आहे आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे आमच्या तिघांत पूर्ण पैसे फक्त नववीतल्या पोराचे. आण्णांच्या हातात शून्य रुपयाचं तिकीट आलं. जन्मभर जे दुसऱ्याला फाडून दिलं ते असं शून्याचं हातात आल्यावर त्यांना काय वाटलं ते चेहऱ्यावरून कळलं नाही. घडी घालून वरच्या खिशात ठेवलं, आणि वाटेत दोनदा खिसा चाचपून बघितला. चेकर येईल म्हणून असेल.

कोल्हापूर सोडलं की कळंबा, इस्पुर्ली, बिद्री. डिसेंबरातला हा रस्ता म्हणजे ऊस. बिद्रीच्या कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, आणि स्पीकरवर एवढ्या मोठ्यानं गाणी की ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न या जन्मात ऐकू येणार नाही. आमची एसटी अर्धा तास एकाच ट्रॉलीच्या शेपटाला. पोरगा वैतागला. आण्णा मात्र खुशीत. "हंगाम हाय. थांबाय लागतंय."

मुदाळ तिट्ट्याला निम्मी गाडी उतरली. आदमापूरच्या बाळूमामांच्या दर्शनाला जाणारे. गारगोटीत दुसरी गाडी दीड तासानं होती. आण्णा आगाराकडं फिरकले नाहीत. "वळखीचं कोण ऱ्हायलं न्हाई तिथं," म्हणाले, आणि पोराला हुतात्म्यांच्या स्मारकाकडं घेऊन गेले. १३ डिसेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर चालून गेलेले सात जण मारले गेले, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आण्णांना ते गाडीतल्या म्हाताऱ्यांकडून माहीत होतं, म्हणून त्यांच्या सांगण्यात थंडी होती, रात्र होती, कोण कुठल्या वाटेनं आलं ते होतं. पोरगा फोन खिशात ठेवून ऐकत होता. हे मी दुरून बघितलं, जवळ गेले नाही.

गारगोटीच्या पुढं देश संपत आल्याचं जाणवतं. वेदगंगा कधी उजवीकडं, कधी डावीकडं. शेणगाव मागं पडलं, कडगाव आलं, आणि मग दोन्ही अंगांचे डोंगर रस्त्याकडं सरकायला लागले. ऊस कमी झाला. कापलेल्या भाताची खाचरं, त्यात चरणारी म्हसरं, बांधावर वाळत घातलेलं गवत. आण्णा खिडकीला. मला वाटलं होतं ते गाईडसारखे बोलत राहतील, इथं हे, तिथं ते. ते गप्प होते. एकदाच म्हणाले, "हितं उजवीकडं गारवा लागायचा. नदी आसंल म्हनायचो." उजवीकडं नदीच होती.

त्यांना रस्ता डोळ्यांनी ओळखू येत नव्हता, पाठीला येत होता. वळण यायच्या आधीच ते हात पुढच्या दांड्यावर ठेवायचे.

पाटगावात उतरलो तेव्हा चार वाजले होते. फोनवरून ज्यांच्याकडं खोली ठरवली होती आणि निम्मे पैसे आधी पाठवले होते, त्यांनी ती खोली पुण्याच्या एका मोठ्या ग्रुपला देऊन टाकली होती. नाव घेत नाही. पैसे दुसऱ्या दिवशी परत आले. पण त्या घटकेला पिशव्या रस्त्यावर, पोरगा माझ्याकडं बघतोय, आणि मी फोनला रेंज शोधतेय. रेंज पाटगावात एका विशिष्ट कट्ट्यावर उभं राहिलं की येते. त्या कट्ट्यावर आधीच तिघं उभे होते.

आण्णांनी समोरच्या दारातल्या बाईला विचारलं, "मावशी, दोन रात्री टेकाय जागा मिळंल काय?" बाई माझ्या वयाची, आण्णांच्या पुढं लेक शोभली असती. पण एसटीत सगळ्या बायका मावशीच. तिनं पदर खोचला, पोराकडं बघितलं. "माडीवर हाय की. पर रातचं थंडी वाजंल." दोनाच्या तीन रात्री झाल्या, ते पुढं येईलच.

संध्याकाळी मौनी महाराजांच्या मठात गेलो. गारगोटीला १९५२ साली शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी सुरू केलेल्या मौनी विद्यापीठाचं नाव याच महाराजांवरून. कर्नाटकाच्या मोहिमेवर निघताना, म्हणजे १६७६ मध्ये, शिवाजी महाराज इथं येऊन आशीर्वाद घेऊन गेले असं परंपरा सांगते. मठाची बांधणी दगडी, जुनी, आत समाधी. शेजारी भद्रकालीचं देऊळ. बाहेर ऊन असताना आत पाऊल टाकलं की पायाच्या तळव्याला आधी कळतं, डोळ्यांना नंतर.

मौनी म्हणजे न बोलणारे. न बोलणाऱ्याकडून राजानं सल्ला कसा घेतला असेल, असं पोरानं विचारलं. चांगला प्रश्न होता. आण्णा म्हणाले, "जाऊ नको म्हनले न्हाईत, एवढं बास झालं की त्यास्नी."

रात्री नाचणीची भाकरी, वरण्याची उसळ, खर्डा आणि कुळथाचं माडगं. पोरानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी त्याला पोळीचा तुकडा मोडायला तासभर लागतो.

साडेनऊला बाहेर गाडीचा आवाज आला. घरघर, मग ब्रेकचा तो लांब उसासा, मग इंजिन बंद. आण्णा अंथरुणात उठून बसले. "आली," म्हणाले, आणि परत आडवे झाले.

दुसरा दिवस

सकाळी सहाला जाग आली तर आण्णांची वळकटी गुंडाळलेली. मुक्कामी गाडी पाचलाच गेली होती. ते अंगणात, मफलर बांधून, पायरीवर बसलेले. समोर काहीच नव्हतं. नुसतं धुकं, पांढरं, ओलं, हाताच्या अंतरावर थांबलेलं. मी चहा आणून दिला. बोललो नाही.

सात वाजता आधी एक झाड आलं. मग कौलं. मग कौलांच्या मागं डोंगराची काळी कड, आणि मग ती कड वर वर जातच राहिली. उन्हाची तिरीप पडली तसं धुकं धरणाच्या बाजूला सरकलं आणि गाव एकदम उघडं पडलं. आण्णांचा चहा गार झाला होता.

"केवढं ल्हान हाय," ते म्हणाले. "मला वाटायचं लई मोठं गाव हाय. रातचं कुत्री चौफेर भुकायची."

मग आम्ही ते लहान गाव बघितलं. त्यांना जी जागा फक्त आवाजानं माहीत होती तिथं जाऊन ते थांबायचे. पाणी पडल्याचा आवाज यायचा तो हा ओढा. घंटा वाजायची ती मठाची नव्हे, देवळाची. पहाटे खोकणारा म्हातारा राहायचा ते घर आता पडलेलं, जोत्यावर रानतुळस माजलेली. धरणाकडं गेलो. पावसाळ्यात राधानगरी, तुळशी, पाटगाव असे धरणांचे आकडे रोज पेपरात येतात आणि आण्णा ते भविष्य वाचावं तसे वाचतात. पाटगाव पावणेचार टीएमसीच्या आतबाहेरचं, हे त्यांना पाठ. पाणी मात्र त्यांनी आज बघितलं. निळंही नाही, हिरवंही नाही, डोंगराच्या सावलीचा रंग. बराच वेळ बघून म्हणाले, "पेपरात एवढं वाटत न्हाई."

दुपारी मधमाश्या. खरं सांगायचं तर मी मधासाठीच आले होते. राज्याच्या खादी आणि ग्रामोद्योग मंडळाच्या 'मधाचे गाव' उपक्रमात महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये पहिलं ठरलं, त्याच्या मागोमाग पाटगाव. २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या उत्कृष्ट पर्यटन गावांच्या स्पर्धेत पाटगावला कांस्य पदकही मिळालं. माझ्या डोक्यात दारोदार मधाच्या बरण्या आणि यंत्रातून धार धरलेला मध असं चित्र होतं. मावशींच्या दिरांकडं पेट्या आहेत. त्यांना म्हटलं, "मध काढताना बघायचंय."

ते हसले. "ताई, आता कुठला मध? चैत-वैशाखात या. जांभूळ फुलू द्या, हिरडा फुलू द्या."

डिसेंबरात मध मागणारी मी, आणि जानेवारीत हापूस मागणारे मुंबईचे पाहुणे, यांत फरक काय राहिला? पण त्यांनी हिरमोड होऊ दिला नाही. घरामागं आंब्याखाली चार पायांवर ठेवलेल्या पेट्या होत्या. पायाखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. धुराडं पेटवलं, दोन फुंका दिल्या आणि झाकण उचललं. पोरगा चार पावलं मागं, आण्णा दोन पावलं पुढं.

या सातेरी माश्या. काळसर, अंगानं बारीक, स्वभावानं आग्यापेक्षा कितीतरी गरीब. आग्या माशी कड्याला नाहीतर उंच झाडाला उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. सातेरीला अंधार लागतो. झाडाची ढोली, वारुळातली पोकळी, जुन्या भिंतीतलं भोक. तिथं ती एकाशेजारी एक अशी पोळी लटकवते. तिला अंधार आणि पोळ्यांच्या रांगा लागतात म्हणूनच ती लाकडी पेटीत राहते. आग्या राहत नाही. खालच्या कोठ्यात राणी आणि पिल्लं, वरच्या कोठ्यात मध. माणसानं घ्यायचा तो फक्त वरचा. चौकट उचलायची, मेणाची टोपणं सुरीनं कापायची, यंत्रात फिरवायची आणि रिकामं पोळं परत माश्यांना द्यायचं. त्यांना मेण पुन्हा पाझरत बसावं लागत नाही.

"आमच्या आज्याच्या येळंला रातचं चूड लावायचे," दीर सांगत होते. "पोळं पिळलं की मधासंगं पिल्लं बी पिळली जायाची. मध लालभडक, आंबूस. आन पुढच्या साली त्या ढोलीत माशी न्हाई."

पेटीतल्या माश्या बांधून ठेवलेल्या नसतात, हे मला नव्यानं कळलं. दार उघडंच. पेटीत मेणकिडा झाला, मुंग्या लागल्या, पावसाळ्यात चारा संपला आणि साखरेचा पाक वेळेवर दिला नाही, की सगळी वसाहत एका सकाळी उठून निघून जाते. म्हणून पेटीवाला रोज एक फेरी मारतोच. आणि म्हणूनच त्याला रानाची काळजी. माशी फार तर दोनेक किलोमीटर लांब जाते. तेवढ्यात जांभूळ, हिरडा, अंजनी, कारवी नसेल तर पेटी म्हणजे नुसतं फर्निचर. एखाद्या बांधावरचा जांभूळ कोणी तोडायला काढला की आता शेजारी भांडायला जातो, असं ते म्हणाले. हे भांडण मला फार आवडलं.

शेवटी मावशींनी फडताळातून मागच्या उन्हाळ्यातली बाटली काढली. थंडीनं तळाला मध थिजला होता. शहरात थिजलेला मध बघितला की साखर घातली म्हणून दुकानदाराच्या अंगावर धावून जातात. माझी सासू तर हमखास. दीर म्हणाले, थिजणं मधाच्या अंगचंच आहे. बाटली घटकाभर उन्हात ठेवली. जांभळाचा तो मध आधी गोड लागला आणि मग घशात थोडा कडवट, तुरट. पोरानं चमचा चाटून, पालथा करून पुन्हा चाटला.

तिसरा दिवस

रांगण्याच्या गडावर आण्णा येणार नव्हते. "गुडघं म्हनत्यात नगं." मी, पोरगा आणि मावशींच्या माहितीतले एक भाऊ, जे पावसाळा सोडून लोकांना गडावर घेऊन जातात. जीपनं तांब्याचीवाडी, पुढं भटवाडी. तिथून चाल.

हा सगळा पट्टा आता आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्रात येतो, २३८ चौरस किलोमीटरचा. आकड्यानं काही कळत नाही. आत शिरल्यावर पाचव्या मिनिटाला कळलं, कारण पाचव्या मिनिटाला ऊन गेलं. डोक्यावर अंजनी, जांभूळ, फणस, कुंभा एकमेकांत घुसलेले, खाली पानांचा थर एवढा की बूट वाजत नाही. भाऊ पुढं, हातात कोयता, आणि बोलणं जवळजवळ शून्य. कुठं थांबायचं ते हाताचा पंजा मागं करून सांगायचे.

पहिल्यांदा थांबवलं ते शेण दाखवायला. गव्याचं, ताजं, वाफ निघत नव्हती एवढंच. दुसऱ्यांदा शेकरू. झाडाच्या शेंड्यावर तपकिरी झुबकेदार शेपूट लोंबतंय आणि शेपटीचा मालक फणसाच्या फांदीवर पोट टेकून आमच्याकडं बघतोय. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून पुस्तकात बघितलेला. पोरानं फोन काढेपर्यंत त्यानं पुढच्या झाडावर उडी मारली होती, आणि ते झाड चांगलं पंधरा-वीस फूट लांब होतं. तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा काहीच नव्हतं. भाऊंनी कानाला हात लावला. वरून, पानांच्या पलीकडून, कोणी मोठं सूप पाखडत जावं तसा आवाज गेला. धनेश पक्षी. दिसला नाही. पंखांचा आवाज एवढा असतो हे मला माहीत नव्हतं. आण्णा असते तर त्यांना हे बरोबर कळलं असतं, असं वाटून गेलं.

दोन तासांनी रान मोकळं झालं आणि चिक्केवाडी आली. आली म्हणजे जोती आली. आम्ही गेलो तेव्हा माणूस नव्हता. दगडी चौथरे, कोणाच्या परसातली असेल अशी आंब्या-फणसाची जुनी झाडं, आणि उंबरा नसलेल्या घरात शिरलेली कारवी. भाऊ एका चौथऱ्यावर बसून तंबाखू मळायला लागले. मी विचारलं, "इथले लोक कुठं गेले?" ते म्हणाले, "खाली." पुढं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

मग एक उतार, एक अरुंद खिंड, आणि समोर तटबंदी. सह्याद्रीपासून हा गड जवळजवळ सुटलेला आहे. त्या खिंडीच्या धाग्यानं तेवढा अडकलाय. ज्यानं कोणी ही जागा गडासाठी हेरली त्याला दंडवत. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बाराव्या शतकात बांधला असं मानतात. कोल्हापूर भागातल्या बऱ्याच गडांचं श्रेय या एकाच भोजाला जातं. त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही केलं की नाही कोण जाणे. शिवकाळात रांगण्याला प्रसिद्धगड असंही नाव पडलं.

कोल्हापूरकरांना रांगणा जवळचा वाटावा तो १७०८ साठी. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले, ताराराणींशी गादीचा वाद पेटलेला. पन्हाळा गेला, विशाळगड गेला, आणि ताराराणींचा पक्ष मागं सरकत सरकत या टोकाला आला. शाहूंच्या फौजेनं रांगण्याला वेढा घातला. गड लढला आणि पाऊस आला. इथला पाऊस म्हणजे काय ते ज्यानं या रानात पाणी किती खोलवर मुरलंय ते बघितलंय त्याला सांगायला नको. वेढा उठला. रांगणा तेव्हा पडला असता तर करवीरची गादी पुढं कशी उभी राहिली असती, याचा विचार मी कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या घोड्याखालून रोज स्कूटर नेताना कधी केला नव्हता.

गड मोठा आहे, चालून पाय मोडतील एवढा. तलाव, काठाला महादेवाची पिंड. पडक्या वाड्याच्या भिंती. आणि रांगणाईचं देऊळ, समोर दीपमाळ. देवीच्या हातात आयुधं, एका अंगाला विष्णू, दुसऱ्या अंगाला भैरव. कोणीतरी नुकतंच येऊन गेलं असणार, देवीपुढं ताजी रानफुलं होती. भाऊंनी चपला बऱ्याच लांब काढल्या होत्या. आम्ही बूट अगदी पायरीशी काढले आणि मग गुपचूप उचलून लांब नेऊन ठेवले.

कोकण दरवाजाकडच्या कड्यावर जाऊन भाकरी सोडली. खाली नारूर, त्यापलीकडं कुडाळचा मुलूख, निळसर धुरकट. पोरगा म्हणाला, "आई, आपण मालवणला जाताना हे वरून लागत नाही का?" लागत नाही. वीस वर्षं आम्ही घाट उतरून समुद्राकडं पळतोय, आणि आपलाच जिल्हा जिथं संपतो ती ही कड बघायला आण्णांच्या मुक्कामी गाडीचं निमित्त लागलं. भाऊंनी खर्डा भाकरीवर पसरला आणि पहिल्यांदा आपणहून बोलले, "दादा, कडंला बसू नगा. वारं ढकलतंय."

उतरताना माझा गुडघा बोलायला लागला. भटवाडीत पोचलो तेव्हा जीप यायची होती आणि ती तासभर आली नाही. पाटगावात शिरलो तेव्हा दिवे लागले होते.

आण्णा रेंजच्या कट्ट्यावर. एकटे नव्हते, चार-पाच म्हातारी माणसं आणि काठी घेऊन बसलेली एक आज्जी, मावशींच्या चुलत सासूबाई. त्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. दुपारी त्या दारात बसल्या असताना आण्णांनी त्यांना कसलीशी वाट विचारली. आज्जी म्हणाल्या, "तुमी कोन? आवाज वळखीचा हाय." आण्णा म्हणाले, कोल्हापूरचा. "न्हाई. जरा वरडा बगू, गारगोटी म्हनून."

आण्णा लाजले असणार. पण ओरडले.

आज्जी दर शनिवारी कोंबड्या आणि अंडी घेऊन पहाटेच्या गाडीनं बाजाराला जायच्या. पाटीचं तिकीट मागायचा तो कंडक्टर आणि न मागायचा तो कंडक्टर, असे त्यांच्या हिशेबी दोनच प्रकार. आण्णा कुठल्या प्रकारातले ते मी विचारलं. दोघंही हसले आणि कोणीच सांगितलं नाही. मग बाकीचे गोळा झाले. कोणी म्हणालं, तुम्ही एवढे उंच असाल असं वाटलं नव्हतं. कोणी म्हणालं, तुमच्या बॅटरीचा उजेड तेवढा आठवतो, तोंड आठवत नाही. गावानंही त्यांना कधी उजेडात बघितलं नव्हतं.

आम्ही त्या रात्री परत निघणार होतो, सहाच्या शेवटच्या गाडीनं. ती केव्हाच गेली होती. आण्णा म्हणाले, "मुक्कामी हाय की पहाटं."

चौथा दिवस

पावणेपाचला मावशींनी चहा दिला आणि पैसे मोजून, त्यातली एक नोट पोराच्या हातात परत ठेवली. बाहेर थंडी हाडात. गाडीत आतले दिवे लागलेले, काचांवर दव, बाकड्यावर कंडक्टरची वळकटी अजून तशीच. तरुण पोरगा होता. आण्णांनी त्याला काही सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर मला दटावलं.

आज्जी आल्या नव्हत्या, पण त्यांच्या घरातून कागदात बांधलेली अर्धा डझन अंडी आली होती. ती मांडीवर धरून मी गारगोटीपर्यंत बसले.

गाडी सुटली. काचेबाहेर काळंकुट्ट. आण्णांनी डोळे मिटले आणि पोराला हळू आवाजात सांगायला लागले: आता डावं वळण. आता पूल, खडखडंल बघ. खडखडला. आता उतार, हितं डायवर गिअर टाकनार. टाकला. आता चिंच, फांदी टपाला घासंल. घासली नाही, चिंच गेली असावी. आण्णा थोडं थांबले, परत सुरू झाले. आता सरळ, शाळा येईस्तोवर थांबा न्हाई.

गाडी थांबली. दोन पोरी दप्तरं घेऊन चढल्या, मागोमाग दुधाची किटली. कंडक्टरनं दोनदा बेल मारली.

"हितं थांबा न्हवता," आण्णा डोळे उघडून म्हणाले, आणि खिडकीची काच मफलरनं पुसायला लागले.